धान्य तेच, प्रत निराळी



घरात कोणाला कर्करोगाचे निदान झाले, की आठवड्याभरात दोन प्रकारचे सल्ले दारी येतात. पहिला असतो, "साखर बंद करा, भात बंद करा, पोळीसुद्धा बंद करा, साखरेवरच हा रोग पोसला जातो." दुसरा असतो, "आता कसले आले आहे पथ्य? जे आवडते ते खाऊ द्या." दोन्ही सल्ल्यांमागे मायाच असते, परंतु त्यांच्या कात्रीत सापडलेला वयस्क रुग्ण पुष्कळदा अर्धपोटी राहतो. त्याच घरातील निरोगी माणसांच्या मनात एक वेगळीच शंका घर करते : आपल्या खाण्यापिण्यातूनच तर हे आले नसेल ना?

येथे वस्तुतः दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. निरोगी माणसाच्या आहारातील कर्बोदकांच्या प्रतीचा कर्करोगाच्या संभवाशी काही संबंध आहे का, हा पहिला. रोग झाल्यानंतर रुग्णाला कर्बोदके द्यावीत की नाहीत, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे निरनिराळी आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावले, की रुग्णाची उपासमार होते. म्हणून आज आपण दोन्ही प्रश्न एकेक करून पाहू.

प्रत म्हणजे नेमके काय?

ज्वारी, मैदा, साखर, मटकी आणि पेरू या सर्वांतून आपल्याला कर्बोदके मिळतात. तथापि शरीर त्यांना एकाच मापाने मोजत नाही. त्यांची प्रत तीन गोष्टींवरून ठरते. त्या पदार्थात चोथा, म्हणजे तंतुमय भाग, किती शिल्लक आहे. त्यातील पिष्ट किती वेगाने पचून रक्तात साखर उतरते. आणि त्यात वरून घातलेली साखर किती आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नपदार्थांच्या कोष्टकांवरून पहिली गोष्ट स्पष्ट होते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. बाजरी, नाचणी आणि कोंड्यासह दळलेली कणीक यांत तो ११ ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याच गव्हाचा मैदा केला, की तो ३ ग्रॅमच्याही खाली येतो. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळातही तो तेवढाच असतो. अख्ख्या हरभऱ्यात मात्र २५ ग्रॅमपर्यंत चोथा आढळतो. म्हणजे गहू तोच. कोंडा आणि अंकुर गेले, की त्याच्या चोथ्याचा तीन चतुर्थांश भाग गेला.

दुसरी गोष्ट मोजण्याची रीत टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडली. ग्लुकोजला १०० गुण देऊन इतर पदार्थ त्या तुलनेत रक्तातील साखर किती वाढवतात, हे ते पाहतात. यालाच ग्लायसेमिक निर्देशांक म्हणतात. दळण जितके बारीक आणि शिजवणे जितके मऊसूत, तितके पचन जलद, हा त्यातील साधा नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मोठे आतडे : सर्वांत भक्कम पुरावा

आहारातील चोथा आणि कर्करोग यांचा संबंध जगापुढे ठळकपणे मांडला तो डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकांनी. युगांडात त्यांनी अनेक वर्षे शस्त्रक्रिया केल्या. पाश्चात्त्य देशांत नित्य दिसणारा मोठ्या आतड्याचा कर्करोग तेथील ग्रामीण लोकांत क्वचितच आढळतो, हे त्यांच्या नजरेस आले. भरपूर चोथ्याचा आहार हे त्यामागील कारण असावे, असे त्यांनी १९७१ साली प्रतिपादन केले. हे अनुमान होते, सिद्धता नव्हे. दोन समाजांत आहाराखेरीज इतर पुष्कळ गोष्टी भिन्न असतात.

पुढे मोठ्या पाहण्या झाल्या. युरोपातील १० देशांत ५ लाखांहून अधिक लोकांच्या आहाराची नोंद करून त्यांच्याकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, सर्वाधिक चोथा खाणाऱ्या एक पंचमांश लोकांत मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत कमी चोथा खाणाऱ्या एक पंचमांश लोकांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. २०११ साली अशा २५ अभ्यासांचा एकत्र विचार केला गेला. तेव्हा रोजच्या आहारातील प्रत्येक १० ग्रॅम जादा चोथ्यामागे या रोगाचा धोका सुमारे १० टक्के, तर रोजच्या ९० ग्रॅम अख्ख्या धान्याच्या पदार्थांमागे सुमारे १७ टक्के कमी आढळला.

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून न्यूझीलंडमधील संशोधकांनी १८५ पाहण्या आणि ५८ प्रयोग एकत्र तपासले. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम चोथा पोटात जाणाऱ्यांत लाभ सर्वाधिक दिसला. आणि तो मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबरोबरच हृदयविकार, पक्षाघात व मधुमेह यांच्याबाबतही होता. याच आधारावर संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी दररोज किमान २५ ग्रॅम चोथ्याची शिफारस केली.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २००० साली अमेरिकेतील दोन प्रयोगांचे निष्कर्ष एकदमच प्रसिद्ध झाले. आतड्यातील गाठी, ज्यांना पॉलिप म्हणतात, त्या काढून टाकलेल्या लोकांपैकी एका प्रयोगात काहींना भरपूर चोथ्याचा व कमी चरबीचा आहार दिला. दुसऱ्यात गव्हाचा कोंडा दिला. काही वर्षांनी पाहता नव्या गाठी दोन्ही गटांत सारख्याच झालेल्या आढळल्या. या दोन प्रयोगांमुळे चोथ्याचे महत्त्व संपले असे नाही, कारण कर्करोग घडण्यास दशके लागतात आणि तीन-चार वर्षांचा प्रयोग तोकडा पडतो. तथापि कोंड्याचा डबा विकत आणून रोज दोन चमचे खाल्ले म्हणजे काम झाले, या समजुतीला त्यांनी निश्चित धक्का दिला. म्हणूनच जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या २०१८ च्या अहवालाने अख्खी धान्ये व चोथा यांच्या संरक्षक परिणामास 'निर्विवाद' न म्हणता 'संभाव्य' या त्याखालच्या पायरीवर ठेवले आहे.

आत काय घडते?

चोथा लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचतो, पाणी धरून ठेवतो आणि मलाचे आकारमान वाढवतो. त्यामुळे मलातील घातक द्रव्ये विरळ होतात आणि आतड्याच्या अस्तराशी त्यांचा सहवास घटतो. शिवाय आतड्यातील उपकारक जिवाणू चोथा आंबवतात व त्यातून ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार होते. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते मुख्य इंधन आहे, आणि ते दाह आटोक्यात ठेवते.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील २० आफ्रिकी वंशाच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील २० लोकांनी दोन आठवड्यांपुरता एकमेकांचा आहार घेतला. चोथ्याचा आहार मिळालेल्या अमेरिकी गटात ब्युटिरेटची निर्मिती वाढली आणि आतड्याच्या अस्तरातील दाह कमी झाला. मांस व चरबीने भरलेला, कमी चोथ्याचा आहार मिळालेल्या आफ्रिकी गटात नेमके उलट घडले. केवळ १४ दिवसांत! यातून कर्करोग टळतो हे सिद्ध होत नाही. मात्र आतड्याचे अंतरंग आहारास किती तत्परतेने साद देते, हे दिसते.

दुसरी वाट इन्सुलिनची. झटपट पचणारे पिष्ट व साखर वारंवार पोटात गेली, वजन वाढले, पोटाचा घेर वाढला, की शरीराला सतत जास्त इन्सुलिन स्रवावे लागते. इन्सुलिन हे पेशींच्या वाढीसही चालना देणारे संप्रेरक आहे. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी ग्लायसेमिक भाराचा, म्हणजे निर्देशांक आणि खाल्लेले प्रमाण या दोहोंच्या एकत्रित मापाचा, संबंध 'संभाव्य' असल्याचे त्याच २०१८ च्या अहवालात म्हटले आहे. इतर बहुतेक कर्करोगांबाबत हा संबंध क्षीण किंवा संदिग्ध आहे. स्थूलपणाचा संबंध मात्र पक्का आहे : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली १३ प्रकारच्या कर्करोगांशी तो जोडला. पाळीनंतरच्या वयातील स्तनांचा, गर्भाशयाच्या अस्तराचा, मोठ्या आतड्याचा, स्वादुपिंडाचा आणि पित्ताशयाचा कर्करोग त्यांत आहे.

गोड पेयांसंबंधी फ्रान्समधील लाखभर लोकांच्या पाहणीचा उल्लेख येथे करावयास हवा. रोज प्रत्येक १०० मिलिलिटर जादा गोड पेयामागे कर्करोगाचे एकूण प्रमाण सुमारे १८ टक्के अधिक आढळले, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. फळांच्या रसाबाबतही तसाच कल दिसला. हा केवळ संबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. परंतु 'रस म्हणजे फळच' हा आपला समज तपासून पाहण्यास तो पुरेसा आहे.

टक्क्यांचा अर्थ कसा लावावा?

'१० टक्के धोका कमी' हे वाचून भुलून जाऊ नये, तसेच ते तुच्छही मानू नये. समजा, एखाद्या वयोगटातील १००० लोकांपैकी २० जणांना पुढे एखादा कर्करोग व्हायचा आहे. धोका १० टक्क्यांनी घटला, तर ती संख्या १८ होईल. एका घरापुरता हा फरक जाणवणार नाही. लाखोंच्या गावात जाणवेल. म्हणून भाकरी खाणाऱ्यास कर्करोग होणारच नाही असे नाही, आणि आयुष्यभर पाव खाल्ला म्हणूनच रोग झाला असेही म्हणता येत नाही. रुग्णाच्या माथी त्याच्या ताटाचा दोष मारणे हे अशास्त्रीय आहे आणि निर्दयही. आपल्या समाजात तंबाखू, मिश्री व मद्य यांचा वाटा यापेक्षा फार मोठा आहे. त्या गोष्टी चालू ठेवून नाचणीच्या आंबिलाकडून संरक्षणाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

ज्येष्ठांच्या ताटात काय बदलावे?

वय वाढते तसे दात साथ सोडतात, चव मंदावते, आणि ताटात नकळत बदल होतो. सकाळी चहात बुडवून बिस्किटे, दहाला दूध-पाव, दुपारी मऊ भात, चारला खारी किंवा टोस्ट, रात्री 'हलके म्हणून' पुन्हा भात. उपवासाच्या दिवशी साबुदाणा. पचायला सोपे म्हणून निवडलेले हे सारे पदार्थ जवळजवळ चोथाविरहित असतात. त्यातून दिवसाकाठी ५-६ ग्रॅमच चोथा मिळतो. मग बद्धकोष्ठाची तक्रार सुरू होते आणि मधुमेह्यांची साखर वर जाते.

याउलट हिशेब पाहा. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्यांतून सुमारे १० ग्रॅम, तुरीच्या वाटीभर वरणातून ३ ग्रॅमच्या आसपास, वाटीभर मटकीच्या उसळीतून ४-५ ग्रॅम, दोन वेळच्या भाज्यांतून ५-६ ग्रॅम आणि एका मध्यम पेरूतून सुमारे ८ ग्रॅम. ३० ग्रॅमचा पल्ला कोणत्याही महागड्या डब्याविना गाठता येतो.

दात नसतील, तर रूप बदलावे, धान्य नव्हे. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून द्यावी. ज्वारीच्या कण्या, लापशी, सालीसकट मुगाच्या डाळीची भाज्या घातलेली खिचडी, पातळ पालेभाजी, दुधी व लाल भोपळा, पिकलेली पपई हे सारे मऊच आहे. पेरूच्या बिया काढाव्यात. उपवासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा घ्यावा. कणीक चाळून कोंडा फेकू नये. कोकण-गोव्यातील वाचकांनी भात सोडण्याचे कारण नाही. तांदूळ शक्यतो हातसडीचा घ्यावा, आणि भाताचा ढीग लहान करून शेजारची उसळ-भाजी वाढवावी. विकतचा पाव अथवा 'मल्टीग्रेन' बिस्किटे घेताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. जो घटक सर्वाधिक, तो यादीत पहिला असतो. पहिले नाव मैदा अथवा 'परिष्कृत गव्हाचे पीठ' असेल, तर पुढील पाच धान्यांची नावे केवळ शोभेची समजावीत.

तीन सावधगिरीच्या सूचना. चोथा एकदम वाढवू नये. आठवड्याला एकच बदल करावा, नाहीतर पोट फुगते. त्यासोबत पाणी वाढवावे. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आहार बदलताना रक्तशर्करा तपासत राहावे, कारण औषधाची मात्रा बदलावी लागू शकते.

रोग झाल्यावर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर

'साखरेवर कर्करोग पोसतो' या वाक्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते इतके पसरले. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज मोठ्या प्रमाणात वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले. आजची पेट स्कॅन तपासणी याच गुणावर बेतलेली आहे. परंतु ग्लुकोज मेंदूला लागते, रक्तपेशींना लागते, सर्वांनाच लागते. आपण ते खाल्ले नाही, तर यकृत स्नायूंमधील प्रथिने मोडून ग्लुकोज तयार करते आणि रक्तातील पातळी राखते. म्हणजे भात-पोळी बंद केल्याने गाठ उपाशी राहत नाही. झिजतो तो रुग्ण. सत्तरीच्या माणसाचे स्नायू एकदा झिजले, की ते भरून येणे कठीण. वजन व ताकद घटली, तर केमोथेरपीची मात्रा कमी करण्याची किंवा ती लांबवण्याची वेळ येते.

म्हणून उपचार चालू असताना पुरेशी ऊर्जा आणि प्रथिने यांना अग्रक्रम असतो. तोंड आले असेल, मळमळ असेल, तर मऊ भात, पेज, साबुदाण्याची खीर, रव्याचा सांजा, जे गिळवेल ते द्यावे. त्या दिवसांत चोथ्याचा हिशेब बाजूला ठेवावा. आतड्याची वाट अरुंद झाली असेल, नुकतीच आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, पोटावर मलमार्ग काढला असेल किंवा ओटीपोटावरील किरणोपचारांमुळे जुलाब होत असतील, तर डॉक्टर मुद्दाम कमी चोथ्याचा आहार सांगतात. तेथे आपण प्रेमापोटी भाकरी-उसळ आणून दिली, तर आतडे तुंबण्याचा धोका संभवतो. पांढऱ्या पेशी कमी झाल्या असतील, तर कच्ची मोड आलेली कडधान्ये वर्ज्य करावीत. जे द्यायचे ते पूर्ण शिजवूनच. रुग्णास मधुमेहही असेल, तर त्याचे पथ्य उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून व आहारतज्ज्ञांकडून नव्याने ठरवून घ्यावे. जुना कागद पुढे चालवू नये.

उपचार आटोपले, भूक परतली, वजन सावरले, की प्रतीचा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा ठरतो. मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातील हजारावर अमेरिकी रुग्णांच्या पाहणीत, ज्यांच्या आहाराचा ग्लायसेमिक भार अधिक होता त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण जास्त दिसले, विशेषतः वजनदार रुग्णांत. तेव्हा भाकरीकडे, वरण-भाजीकडे परतावे. डॉक्टरांना विचारून आणि सावकाश.

ताटापलीकडे

आहार कितीही उत्तम असला, तरी तो तपासणीची जागा घेऊ शकत नाही. शौचावाटे रक्त जाणे, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे, कारणाविना वजन उतरणे, उतारवयात रक्त कमी होणे, आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांना पुन्हा रक्तस्राव होणे या खुणा अंगावर काढू नयेत. 'मूळव्याध असेल' म्हणून महिनोन्‌महिने घरगुती उपाय करणारे वडील आणि संकोचापोटी मुलाला न सांगणारी आई आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. सांभाळ करणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतः होऊन, एकांतात आणि आदराने विचारावा. या दोन्ही अवयवांचे कर्करोग लवकर सापडले, तर बरे होण्याची शक्यता पुष्कळ असते.

येत्या पंधरवड्यासाठी एक छोटे काम सुचवतो. सलग तीन दिवस घरातील ज्येष्ठांनी काय काय खाल्ले, हे चहाबरोबरच्या बिस्किटासकट एका कागदावर लिहा. मैदा, पांढरा तांदूळ, साबुदाणा आणि साखर यांखाली रेघ ओढा. त्यांतील एकच पदार्थ निवडा आणि त्याच्या जागी काय मऊ, चवीचे आणि अख्ख्या धान्याचे देता येईल, हे त्या ज्येष्ठांनाच विचारून ठरवा. घरात उपचार चालू असलेला रुग्ण असेल, तर त्याच्यासाठी रेघ ओढू नका. त्याने किती खाल्ले एवढेच लिहा, दर आठवड्याचे वजन टिपा, आणि तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा.